कासिमिराचं नाव दारावर लागलं

आमच्या कोल्पामार्का गावात दोन्या कासिमिरा, म्हणजे कासिमिराबाई, नाकावर माशी बसू न देणारी. कुणाची पोर कुणाच्या पोराबरोबर नुसतीच राहायला लागली की ही हॅट सरळ करून भर बाजारात विचारायची, "कागद कुठाय गं तुमचा? की एका खुंटाला दोन गाढवं बांधतात तसं बांधून घेतलंत?"

आमच्याकडे निम्मं गाव कागदाशिवाय नांदतं. आधी एका छपराखाली राहायचं, मेंढरं वाढवायची, पोरं चालायला लागली की मग जमलं तर लग्न. कुणाला त्याचं काही वाटत नाही. वाटायचं ते एकट्या कासिमिराला, कारण तिचं स्वतःचं लग्न झालेलंच नव्हतं.

तरणीताठी असताना ती तिबुर्सिओबरोबर खिंडीपलीकडून आली. येतानाच सांगत आली, मोठ्या चर्चमध्ये लग्न झालं, वाजंत्री होती, सासऱ्याने बैल कापला. ओळखपत्र काढायला गेली तेव्हा कारकुनाने विचारलं आणि हिने ताठ मानेने 'विवाहित' सांगितलं, त्यानेही तेच लिहून घेतलं. इतक्या वर्षांत इतक्यांदा सांगितलं की त्या वाजंत्र्यांचं गाणंसुद्धा तिला पाठ झालं होतं.

तिबुर्सिओ गरीब माणूस. बायको बोलायची आणि तो बटाटे सोलायचा. पण खाणीच्या भट्टीच्या धुराने त्याची फुप्फुसं खाल्ली, आणि थंडी लागली तशी त्याला उशीला टेकल्याशिवाय श्वास घेता येईना.

"कासी," तो एक दिवस म्हणाला, "खाणीचं निवृत्तीवेतन माझ्यामागे तुला मिळायला हवं. ते लोक वाजंत्री ऐकत नाहीत. नगरपालिकेचा दाखला मागतात."

"मग आणू की दाखला."

"दाखला लग्न केल्यावर मिळतो, बाई."

झक मारत ती नगरपालिकेत गेली. नोंदणीचे पालोमारेस साहेब सभ्य माणूस. दोघांचे जन्मदाखले आणा, डॉक्टरचा दाखला, राहत्या घराचा दाखला, साक्षीदार, असं सांगता सांगता त्यांनी तिचं ओळखपत्र उलटंपालटं केलं.

"दोन्या, तुम्ही तर विवाहित आहात. कुणाशी?"

"ह्याच्याशीच."

"मग त्या लग्नाचा दाखला द्या, काम संपलं."

"तो नाहीये."

"हरवला?"

"नव्हताच."

"मग आधीचा कुणी नवरा असेल. वारला असेल तर त्याचा मृत्यूचा दाखला आणा."

"अहो, जो झालाच नाही तो मरेल कसा?" कासिमिरा ओरडली, आणि बाहेरच्या बाकावरची माणसं मान वळवून बघायला लागली. तिने आवाज खाली आणला. उभ्या जन्मात पहिल्यांदा.

पालोमारेसांनी समजावून सांगितलं. वर्षानुवर्षं ओळखणारे दोन साक्षीदार हवेत. बाई अविवाहित आहे असं त्यांनी शपथेवर सांगायचं. मग दोघांची नावं दारावर लावायची, वय, पत्ता, विवाहित की अविवाहित सगळं लिहून, आठवडाभर. कुणाची हरकत आली नाही तर लग्न.

"दारावर? कुठल्या दारावर?"

"ह्याच. मोठ्या."

त्या मोठ्या दाराशी नेलिदाची काढ्याची गाडी उभी असते. जव, जवस, डोंगरातला पाला, लिंबू, सगळं उकळतं. दर रविवारी बाजाराला आलेल्या बाया गरम पेले हातात धरून तिथे गोळा होतात, कारण दारावरचे कागद नेलिदा मोठ्याने वाचून दाखवते. कोण कुणाशी लग्न करतंय ते आमच्या गावाला असं कळतं. बायांना वाचता येत नाही आणि नेलिदाचा आवाज छान आहे.

ही नेलिदा कासिमिराच्या पोराबरोबर, एदिलबेर्तोबरोबर, राहायला आली होती. कासिमिराने तिला ऐन हिमाच्या दिवसांत घोंगडीसकट दाराबाहेर काढलं. "कागद नसलेल्या बाईला माझ्या चुलीजवळ जागा नाही. माझ्या खुराड्यातल्या गिनीपिगांजवळसुद्धा नाही." पोरगा आईच्या तोंडाला घाबरून राजधानीला पळाला तो परत आला नाही. नेलिदा मात्र गावातच राहिली, काढा उकळत.

एक साक्षीदार घरचाच होता, कोम्पाद्रे सातुर्निनो, पोराचा धर्मपिता. म्हातारा खिंडीपलीकडचाच, त्याला खरं ठाऊक होतं. दुसरा कुठून आणायचा? ज्याला आणावा त्याला आधी खरं सांगावं लागणार.

"नेलिदाला सांग," तिबुर्सिओ उशीतून म्हणाला.

"तिला? तिला काय माहीत?"

"तू तिला काढलंस ना, तेव्हा मी कोपऱ्यापर्यंत गेलो होतो. म्हटलं, मनावर घेऊ नको, पोरी, आमचंही झालेलं नाही."

कासिमिराच्या हातातली पळी पातेल्यात पडली. म्हणजे इतकी वर्षं ही बया दाराशी उभी राहून सगळ्यांना काढा पाजत होती, आपल्याला येताजाता "बुएनोस दियास, दोन्या" म्हणत होती, आणि हिच्या पोटात हे होतं! शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ती गाडीपाशी गेली. गिऱ्हाईक हटेपर्यंत उगाच लिंबं चाचपत उभी राहिली.

"नेलिदा, एक सही हवी होती."

"कशावर?"

कासिमिराने सांगितलं. मान खाली घालून नाही, समोरच्या भिंतीकडे बघून.

नेलिदाने पेला विसळला. "देते की. त्यात काय. तिबुर्सिओकाकांसाठी देते." मग पेला फडक्याने पुसत म्हणाली, "काढा घ्या ना, दोन्या. कागद नाही मागत मी काढ्याला."

सही झाली. नेलिदाने पालोमारेसांपुढे हात वर करून स्वच्छ आवाजात सांगितलं की ही बाई कधीही कुणाचीही लग्नाची बायको नव्हती. स्वच्छ आवाजात, बाकावरच्यांना ऐकू जाईल असं. आणि सोमवारी कागद दारावर लागला.

कासिमिराचं खाणंपिणं सुटलं. तिला अक्षरं नीट लागत नसत, पण स्वतःचं नाव ओळखू येई, आणि नावापुढचा तो शब्दही तिने पालोमारेसांना बोट ठेवायला लावून ओळखून घेतला होता. दारावरून जाणारा प्रत्येक जण तिला तो शब्द वाचतोय असं वाटायचं. खरं म्हणजे कुणी वाचत नव्हतं. कशाला वाचतील? रविवारी नेलिदा वाचणारच होती.

रविवार. ज्या ज्या बाईच्या पोरीला तिने गाढव म्हटलं होतं त्या सगळ्या पेले घेऊन उभ्या राहणार. आणि नेलिदा तिच्या त्या छान आवाजात म्हणणार, "कासिमिरा वारोक पोमा, अविवाहित." मग हसू. कासिमिराला ते हसू आत्ताच ऐकू येत होतं, वाजंत्र्यांसारखं.

शनिवारी दुपारी सगळं गाव शेजारच्या गावाबरोबरच्या फुटबॉलला गेलं. चौकात कुत्रंसुद्धा नव्हतं. कासिमिरा शाल डोक्यावरून घेऊन निघाली. तिचा हिशोब सरळ होता. कागद लागायचा होता तो लागला, सगळ्या देवांनी आणि साहेबांनी बघितला. चर्चमध्ये एकदा म्हटलेला मास कुणी परत म्हणायला लावतं का? तिने नखाने कोपरा उचकटला, खसकन कागद ओढला आणि कमरेला खोचला. खळीचे चार डाग तेवढे दारावर राहिले.

वळली तर नेलिदा. गाडीमागे खाली बसून पेले विसळत होती.

नेलिदाची नजर कमरेच्या कागदावर गेली. नेलिदा उठली, हात पुसले, पातेल्यावरचं झाकण उचललं.

"मध घालू, की साखर?" तिने विचारलं.

कासिमिरा शाल आवळून तडक घरी गेली. कागद चुलीत टाकला. त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली, तिबुर्सिओला सूप पाजलं, आणि त्याच्यासाठी नवा शर्ट काढून ठेवला.

मंगळवारी, लग्नाच्या दिवशी, सातुर्निनो आणि शेजारचे दोघे तिबुर्सिओला खुर्चीत बसवून उचलून घेऊन आले. नव्या शर्टात तो लहान मुलासारखा दिसत होता. पालोमारेस दाराशी गेले आणि परत आले.

"दोन्या, कागद कुठे गेला?"

"वाऱ्याने गेला असेल."

"कधी?"

"मला काय विचारता? तुमचं दार, तुमचा वारा."

"पूर्ण आठवडा राहिला नाही तर धरत नाहीत. पुन्हा लावावा लागेल. पहिल्यापासून."

"अहो, माणूस बघा की खुर्चीतला!"

"बघतोय." आणि खरंच बघत होते बिचारे. "जीव धोक्यात आहे असं डॉक्टरने लिहून दिलं तर कागदाशिवाय लावता येईल. डॉक्टर गुरुवारी येतात वरच्या गावातून."

तिबुर्सिओ हसला. "नको कुणावर ओरडूस, कासी. गुरुवारी येऊ."

परत जाताना कासिमिरा काढ्याच्या गाडीशी थांबली. 

"तुला ठाऊक होतं. दर रविवारी वाचतेस तू ते कागद. फाडला तर पुन्हा लावतात हे तुला ठाऊक होतं."

"होतं."

"मग बोलली का नाहीस, मेले?"

"तुम्ही विचारलंत का?" नेलिदा म्हणाली. "मी विचारलं, मध घालू की साखर. तुम्ही त्याचंही उत्तर दिलं नाहीत." मग काढा ढवळत म्हणाली, "आणि मी तुमचं नाव वाचणार नव्हते, दोन्या. काकांना शब्द दिला होता तसा. तेवढा कागद सोडून पुढचा वाचणार होते."

पालोमारेसांनी तेव्हाच नवा कागद लावला. या वेळी चारही कोपऱ्यांना खिळे मारले.

गुरुवारी डॉक्टर आले ते तिबुर्सिओचा मृत्यूचा दाखला लिहायला. तो कागद मात्र लगेच मिळाला. त्याचं नाव, बापाचं नाव, आणि 'अविवाहित'. पत्नीसाठी रेघ होती, ती रेघच राहिली.

बाजाराच्या रविवारी कासिमिरा काळी शाल घेऊन चौकात आली. बाया काढ्याभोवती जमल्या होत्या. तिला बघून त्यांनी वाट करून दिली. दारावरचा कागद तसाच होता. मुदत संपल्याशिवाय काढायचा नाही असा नियम आहे, आणि मेला म्हणून कुणी नियम मोडत नाही.

नेलिदाने पळी ठेवली, हात पुसले आणि दाराकडे वळून वरून खाली वाचत आली. सातव्या गल्लीतली दोघं. गिरणीवाल्याची पोर. मग ती थांबली, आणि कासिमिराकडे बघून, छान आवाजात, एकेक शब्द सुटा करत तिने वाचलं.

"तिबुर्सिओ न्याउपारी, अविवाहित. कासिमिरा वारोक पोमा, अविवाहित. दोघे विवाह करू इच्छितात. कुणाची हरकत असल्यास सांगावी."

कुणी हसलं नाही. बाया पेल्यांत बघत उभ्या राहिल्या. नेलिदाने जरा वाट पाहिली, नियमाप्रमाणे.

"नाही ना कुणाची?" ती म्हणाली, आणि पुढचं नाव वाचायला लागली.