एक पेला चालेल

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा पेला आहे. अंगावर पोचे इतके, की पहिला कुठला आणि शेवटचा कुठला हे मलाही सांगता येणार नाही. बूड फुगलंय, त्यामुळे ओट्यावर ठेवलं की डुगडुगतो. दमलोय मी. तरी एवढं सांगून टाकतो, म्हणजे मनावरचं ओझं उतरेल.

जन्म कारखान्यातला. पत्र्याची गोल चकती साच्यात दाबली, कडा वळवली, घासूनपुसून मला बाहेर काढलं. माझी भावंडं लहान आणि सुबक निघाली, मी मात्र दांडगा. दुकानात कितीतरी दिवस धूळ खात पडलो होतो. शेवटी मला एका भट्टीवाल्याने घेतलं. लोखंड वितळवणाऱ्या भट्टीसमोर तो दिवसभर उभा असायचा. घामाने निथळत यायचा, मला भरायचा आणि एका दमात रिकामा करायचा. "पेला असावा तर असा!" असं सोबत्यांना सांगायचा. आयुष्यात तेवढंच कौतुक वाट्याला आलं, ते मी तीस वर्षं पुरवलं.

मग भट्टीवाल्याचे आजोबा झाले. ते घरी बसले, त्यांच्याबरोबर मीही. भट्टीकडे बघून बघून त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता, त्यात साखरेचा आजार निघाला. डॉक्टर म्हणाले, "आधी साखर खाली आणा, मग डोळ्यांचं ऑपरेशन." तोवर आजोबांना पेपर दिसत नव्हता. समोर बसलेल्या आजीसुद्धा नुसत्या धुरकट दिसायच्या.

आजींनी कंबर कसली. साखरेचा डबा शेजारणीला देऊन टाकला. आजोबांना एकट्याला फिका चहा गिळवेना, म्हणून स्वतःही फिकाच पिऊ लागल्या. त्यांच्याबरोबर मोजूनमापून जेवू लागल्या. एकदा त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "यांना नारळपाणी चालेल का हो?"

"एक पेला चालेल," डॉक्टर म्हणाले. तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला. केवढा पेला, ते विचारायचं राहूनच गेलं.

आमच्या घरात पेला म्हणजे मीच! रोज सकाळी आजी मला घेऊन कोपऱ्यावरच्या गाडीवर जायच्या. शहाळीवाला दोन शहाळी माझ्यात रिकामी करायचा, वर तिसऱ्यातलंही थोडं घालायचा.

"काकू, पेला आहे की बादली?"

"भर मुकाट्यानं. डॉक्टरांनी सांगितलंय."

तपासणीच्या दिवशी तर मला काठोकाठ भरायच्या, आजोबांच्या अंगात ताकद राहावी म्हणून. दोनदा ऑपरेशनची तारीख मिळाली आणि दोन्ही वेळा साखर चढलेली निघाली. आजोबा तसेच चाचपडत घरी आले.

मग घरात भांडणं सुरू झाली. आजी त्यांच्या सदऱ्याचे खिसे तपासू लागल्या.

"खरं सांगा, चोरून काय खाता?"

"अगं, तुझ्या गळ्याची शपथ!"

"माझा गळा कशाला मध्ये आणता? आधीच सुकलाय तो."

आजोबांनी खरंच साखरेचा कणही तोंडात टाकला नव्हता. मी साक्षीला होतो, पण भांड्याची साक्ष कोण घेतो? दोघांनी बोलणं टाकलं. ताट आदळलं की जेवण वाढलंय, असं आजोबांनी समजायचं. एवढं असूनही मला मात्र रोज न चुकता भरायच्या. फार वाईट वाटायचं हो मला.

शेवटी दवाखान्यातल्या पथ्य सांगणाऱ्या ताईंनी खोदून खोदून विचारलं. नारळपाण्याचं कळल्यावर त्या म्हणाल्या, "केवढा पेला?"

"आमचा नेहमीचा."

"उद्या घेऊन या."

दुसऱ्या दिवशी पिशवीतून मी टेबलावर आलो. ताई औषधाच्या मापाने माझ्यात पाणी ओतू लागल्या. साध्या पेल्याइतकं झालं, दोन पेल्यांइतकं झालं, तीन झाले, तरी माझा गळा कोरडाच!

आजींनी माझ्यात वाकून बघितलं. "म्हणजे मीच पाजत होते की हो!"

ताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "आजी, नारळपाणी काही विष नाही. वरून साखर घालू नका, पण त्याची स्वतःची साखर त्यात असतेच. लहान पेला द्या, तोही रोज नको. आणि आम्हाला विचारून."

घरी जाताना आजी रडत म्हणाल्या, "चुकलं माझं. उगाच तुमचे खिसे तपासले." आजोबांनी चाचपडत त्यांचा हात धरला. "तुझं कसलं चुकलं? हा दांडगोबाच नडला आपल्याला." ऐकून घेतलं मी. खोटं थोडंच होतं?

साखर उतरली, ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या दिवशी आजोबा घरभर हिंडून सगळं बघत होते. मला उचलून म्हणाले, "बाप रे! एवढा मोठा पेला मी एका दमात संपवायचो?" आजी खळखळून हसल्या. मग आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि बराच वेळ बघतच राहिले.

"आणि तू गं? तू एवढी वाळलीस कधी?"

आजोबा वाटी घेऊन शेजारी गेले, साखर मागून आणली आणि आजींच्या चहात दोन चमचे घालून ढवळली.

मित्रांनो, कुणाला मायेने काही भरून देताना आधी भांडं केवढं आहे ते बघा. आणि तुम्हाला जो रोज भरून देतो, त्याच्या कपात काय आहे, तेही कधी वाकून बघा. चला, दमलो. आता मला जरा पालथा घाला.