डोलणारे अणू

चौकशी समितीच्या अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला आणि विचारलं,

"मागच्या इमारतीत नवा कॉम्प्रेसर बसलाय, हे पंपकाकांनी प्रयोगशाळेत कुणाला सांगितलं होतं का?"

तिनं ग्लास उचलला आणि ती सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत पाणी प्यायली.

सांगितलं होतं. फेब्रुवारीत, तिच्यादेखत, तिच्या मार्गदर्शक सरांना. लेझरच्या प्रकाशानं पार गारठवलेले अणू उंच निर्वात नळीत सोडायचे आणि पडता पडता ते एका ठरावीक लयीत डोलले, तर विश्वात भरून राहिलेल्या, न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याची चाहूल लागली असं समजायचं, असा तो प्रयोग. पाच वर्षं अणू ढिम्म होते. सहाव्या वर्षी डोलले. सरांचे पाय जमिनीवर ठरेनात. काका मात्र फडक्याला हात पुसत म्हणाले होते,

"सर, तो कॉम्प्रेसर चालू असतो तेव्हाच हे डोलतात. एकदा बंद करायला लावून बघू या की."

"काका, तुम्ही पंप सांभाळा. विश्वाचं आम्ही बघतो."

सर हसले. तीही हसली होती.

शोधनिबंध छापून आला, सत्कार झाले. मग दुसऱ्या एका प्रयोगशाळेनं तोच प्रयोग करून पाहिला. तिथले अणू जागचे हलले नाहीत. चौकशी बसली, तशी सरांनी हात वर केले. आजूबाजूच्या यंत्रांवर लक्ष ठेवणं काकांचं काम, त्यांनी कळवलंच नाही म्हणाले.

काल सरांनी तिला बोलावून घेतलं होतं. धमकी वगैरे काही नाही. टेबलावर तिचा पीएचडीचा प्रबंध होता, त्यांच्या सहीची जागा कोरी.

"उद्या आठवेल तेवढंच सांग," इतकंच ते म्हणाले.

त्या नळीचा एकेक बोल्ट कसायला तिला काकांनी शिकवलं होतं. आई दवाखान्यात होती तेव्हा तीन आठवडे तिच्या वाटची कामं त्यांनीच उपसली, आणि सरांना ताकास तूर लागू दिला नाही.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे सांगितलं नव्हतं?"

"नव्हतं."

अध्यक्षांनी लिहून घेतलं आणि कागद तिच्याकडे फिरवला. तिनं सही केली.

"चला, जबाब जुळले," पेनाला टोपण लावत ते म्हणाले. "सकाळी पंपकाकाही हेच म्हणाले. कुणाला बोललोच नाही, चूक माझीच."

ती बाहेर आली. जिन्याजवळच्या बाकावर काका बसले होते. तिला पाहताच उठून आले. चेहरा उतरलेला.

"काय गं, माझ्यापायी खरं सांगून बसली नाहीस ना?"

"नाही, काका."

"सुटलो बाई," म्हणत ते परत बाकावर टेकले. "सकाळपासून मला तीच धास्ती होती."