करंगळीचा चटका

बिडीचा निखारा लटारूच्या करंगळीवर पडला, अन् त्याले कळलंच नाई. वास आला तवा त्यानं खाली पाह्यलं.

दंडारीत, दिवाळीतल्या नाचगाण्याच्या खेळात, पेटी वाजवणारा माणूस तो. अन् उजव्या हाताची करंगळी, तिच्या बाजूचं बोट, दोन्ही लाकडावाणी. दुखत नव्हते. दुखलं असतं तं बरं. तलावाच्या पाळीवर झिंगूची एकट्याची झोपडी होती. झिंगूचंबी पयले असंच झालं होतं; बोटं मुकी, मंग महारोग, मंग गावाबाहेर.

लटारूनं बायकोलेबी सांगतलं नाई. फक्त तिच्या हातून पाणी घेणं सोडलं. "गडवा खाली ठेव," म्हणे.

दुपारच्या तालमीत सूर घसरला. दंडारीचा मुख्य भैयाजी वसकला, "काऊन बे, दोन बोटं घरी ठिऊन आला का? दिवाळी आठ दिसावर हाय. नाई जमत तं सांग, दुसरा पाहू."

"वाजवतो ना," लटारू म्हणे. ना राग आला, ना भेव वाटलं. आतमधीबी बोटांवाणीच झालं होतं.

धान कापून घरी चाललेली कमळा, त्याची बायको, दाराशी उभी राहून पाहून राह्यली होती. सारे गेल्यावर आत आली.

"अवो, हे पेटीचं खोकं बाजूले काऊन घेता?"

"कोपर टेकवाले. हात भरून येते."

"कोपर दाराले आपटलं का करंगळीपावतर मुंग्या येतेत का नाई? त्याच हाडावर रेटून बसता रोज, म्हणून बोटं मुकी झाली! अन् गडवा खाली ठेव म्हणता मले!"



तिनं खोकं लाथेनं सरकवलं. घोंगडं घडी करून त्याच्या बुडाखाली देल्लं. "उंच बसा. खांदा सोडा. धान कापतानी आमी कोपर टेकवतो का कुठी? हात खांद्यापासून चालते."

"अन् ते नसन तं? झिंगूवाणी असन तं?"

"तं तवा पाहू."

सात दिवस तो तसाच बसला, कोपर मोकळं सोडून. पेटी वाजली, भैयाजीनं दुसरा पाह्यला नाई. पण बोटं मुकीच. गडवा खालीच.

आठव्या दिवशी सकाळी अंगणात बिडीचा निखारा करंगळीवर पडला.

"आय वो!"

"काय झालं?" कमळानं चुलीपासून इचारलं.

"भाजलं."

"लई?"

"थोडंसं."

ती चुलीपासून उठली. मंग गडवा घेऊन बाहेर आली अन् समोर धरला. खाली ठेवला नाई.

त्यानं तिच्या हातातून घेतला.