क्लेमच्या अंगठ्याखालचा दगड

मी दगड बोलतोय. टास्मानियाच्या एका बंदरावर, जुन्या दुकानाच्या दाराशी, खांद्याच्या उंचीवर बसवलेला पिवळा, वाळूचा दगड.

मला खाणीतून काढलं एका कैद्यानं. त्याच्या टाकीचे तिरके घाव माझ्या तोंडावर राहिले. सुटल्यावर तो इथंच रमला. आज दुकान चालवणारी मर्ल त्याच्याच वंशातली.

दाराशी दीडशे वर्षं काढली की माणसं कळतात. खरं बोलणारा मोकळा उभा राहतो. भाव पाडायला आलेला माझ्यावर टेकतो. लोकरवाले, सफरचंदवाले, सगळे टेकले.

चाळीस वर्षांपूर्वी मर्लच्या नवऱ्याला, क्लेमला, माझी काळजी वाटू लागली. सांध्यांतला चुना भुसभुशीत झालेला. त्यानं रविवारचे रविवार खपून तो खरवडला आणि सिमेंट ठासलं. माझ्याखालच्या शेवटच्या सांध्यात अंगठा दाबून म्हणाला, "आता शंभर वर्षं बघायला नको."

आणि मी कोंडलो. पूर्वी अंगात मुरलेलं पाणी चुन्यातून निघून जायचं. आता वाट उरली ती माझ्या तोंडातूनच. समुद्राचं मीठ आतून ढकलायचं आणि कैद्याचे घाव पिठासारखे गळायचे. सिमेंट मात्र जसंच्या तसं. क्लेम गेला. मर्ल रोज कुलूप लावताना त्या ठशात अंगठा ठेवायची. तिला सांगणार कसं?

यंदा तिनं लीथ पाथरवटाला बोलावलं. "हा काढून नवा बसवायचा का रे?"

"बसवू की. झकास दिसेल. पण सिमेंट राहिलं तर तीस-चाळीस वर्षांत त्याचीही हीच गत."

"आणि हाच ठेवला तर?"

"गेलेलं तोंड परत येत नाही, मर्ल. उरलेले घाव टिकतील. सिमेंट सगळं काढून चुना भरायचा. काय जाड थापलंय हो."

"टोस्टवर लोणीही असंच थापायचा." ती हसली. मग म्हणाली, "हा अंगठ्याएवढा तुकडा तेवढा ठेव."

"पाणी तिथंच साठतंय. दगड हवा की अंगठा, तुम्हीच सांगा."

तिनं ठशात अंगठा ठेवला. "काढ," म्हणाली. "पण हळू."

तुकडा अख्खा निघाला. तिनं तो एप्रनच्या खिशात टाकला.

चाळीस वर्षांचं मीठ अजून माझ्या अंगात आहे. ते निघेपर्यंत थोडं झडेनच; लगेच बदलायची घाई करू नका. भाव पाडायला जरूर या, फक्त माझ्यावर टेकू नका. ओल्या चुन्याला कुणी हात लावायचा नाही, असं लीथही बजावून गेलाय.

संध्याकाळी कुलूप लावताना मर्लचा अंगठा सवयीनं तिथंच गेला. तिचं सोडा.