कान न कापलेली वाकळ

मोत्लोसे कोल्ह्याचं कातडं वाकळीसाठी शिवायला घेतलं की आमच्याकडे आधी त्याचे कान कापून टाकतात. तळहाताएवढे कान जमिनीकडे झुकवून हा चालतो. मातीखाली वाळवी गवत कुरतडत असली तरी याला ऐकू येतं, मग खणतो आणि चाटून खातो. आता ज्याला वाळवी ऐकू येते, त्याला मातीखाली कायमची निजलेली माणसंही ऐकू येणारच की! म्हणून कान नकोत.

रा-तिरोनं, म्हणजे तिरोच्या बापानं, ते ठेवले. शिवणकाम आमच्यात पुरुषांचं, आणि त्याचा टाका असा की जित्या सापाला घातला तरी सापाला कळू नये. कातडी तिरोनंच शिकार करून आणलेली. पोरगा नंतर दक्षिणेला सोन्याच्या खाणीत गेला, तेव्हापासून निरोप नाही. त्याच्या हातच्या शिकारीवर सुरी चालवणं बापाला जमेना.

त्याची आई मा-तिरो ती वाकळ गुरांच्या कुंपणात अंथरून उन्हाला पडली, ती हसतच उठली. खाली घण वाजतोय म्हणाली, माझा तिरो खणतोय, जिवंत आहे.

"तुझं पोट वाजत असेल," रा-तिरो म्हणाला.

तरी त्या दिवसापासून ती जेवू लागली, रंगात आली.

हिवाळ्यात खाणीतला एक सोबती तिरोचे बूट घेऊन आला. छत कोसळलं होतं, म्हणाला, वाकळ शिवायच्याही आधी. तिरो अजून खालीच आहे.

मा-तिरो रडली नाही. "मग घण कोण मारतंय?" तिनं विचारलं. "आणि आता जवळून येतोय."

रा-तिरोनं सुरी काढली. कान कापले की हिचं वेड जाईल, असं तो मला म्हणाला. तेवढ्यात मोत्लोसेची जोडी आली. थंडीत ते दिवसाच फिरतात. काजळ फासल्यासारखी तोंडं, काळे पाय. वाकळीजवळ येऊन दोघांनी कान खाली केले. आता खणतील, असं मला वाटलं. खणलं नाही. मागे सरले, शेपट्यांची कमान केली आणि दोन दिशांना पळाले. एरवी ही जोडी मरेपर्यंत एकमेकांना सोडत नाही. हे मी स्वतः पाहिलं, आणि सूर्य वर असताना मी थापा मारत नाही.

रा-तिरो वाकळीवर पालथा पडला. कान लावून ऐकलं. मग सुरी म्यानात घातली.

"मा-तिरो, आज ज्वारीचं बोगोबे थोडं जास्त शिजव," तो म्हणाला. "दमून येईल."

आणि वाकळीभोवतीची गुरं तो एकेक करून बाजूला हाकू लागला.