सर्दी झालेला ॲम्प

चष्मेवाल्याचं दुःख साधं होतं. तो वाजवायचा आणि ते कोणाला ऐकू यायचं नाही.

चष्मेवाला म्हणजे चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचा मालक. दिवसभर गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड लोखंडी चौकट बसवून भिंगं बदलत राहायचं आणि विचारायचं, "आता बरं दिसतं की मघाशी बरं होतं?" हा त्याचा धंदा. संध्याकाळी दुकानाला कुलूप लागलं की तो खांद्याला बेस गिटार अडकवून मामांकडे जायचा. मामा म्हणजे त्याचे सख्खे मामा, निवृत्त पोस्टमास्तर. त्यांचं प्रवचन गाण्यातून चालायचं. एकच गोष्ट घ्यायची, ती सांगायची, गायची, मध्येच श्रोत्यांना दटावायचं, हसवता हसवता रडवायचं आणि शेवटी देवाच्या दारात नेऊन उभं करायचं. आजारी माणसं औषधाची वेळ चुकवून ऐकायला बसत. औषधापेक्षा गुण येतो म्हणत.

मामांमागे बँड होता. ड्रमवर धाकटी मावशी. तिने जन्मभर शाळेत कवायत शिकवली होती, त्यामुळे तिच्या ठेक्यात चुकायची कोणाची छाती नव्हती. कीबोर्डवर दातांचे डॉक्टर. माणूस सज्जन, पण डावा हात कायम खालच्या पट्ट्यांत, अक्कलदाढ शोधत असल्यासारखा. आणि एका कोपऱ्यात, चपलांच्या कपाटाशेजारी, चष्मेवाला.

मामांची सगळ्यांत गाजलेली गोष्ट नावाड्याची. काळोखी नदी, वादळ, नावेला भोक. मावशीचे ड्रम लाटांसारखे आदळताहेत, डॉक्टरांचं वादळ घोंघावतंय, आणि मामा हात वर करून विचारतात, "अरे, ही नाव बुडत का नाही? खालून धरलंय तरी कोणी?" की त्या गदारोळात बेस गिटारने चार सुरांचं उत्तर द्यायचं. धूम, धूम, धूम, धूम. मग मामा म्हणायचे, "ऐकलंत? तो बोलला!" आणि सभागृह गहिवरायचं. निदान गहिवरायला हवं होतं.

परवाच्या प्रवचनात मामांनी हात वर करून विचारलं, "खालून धरलंय तरी कोणी?" चष्मेवाल्याने जीव ओतून चार सूर वाजवले. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी कानामागे हात धरून थोडा वेळ वाट पाहिली आणि मोठ्यांदा निकाल दिला, "कोणीच नाही हो! बुडणार बिचारा!"

सभागृह खो खो हसलं. मामांचा चेहरा पडला.

"भाचेबुवा," सगळे गेल्यावर मामा म्हणाले, "माझ्या प्रवचनात देव गप्प बसला, असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं."

"मामा, मी वाजवलं होतं!"

"ते तुला ठाऊक आणि त्याला ठाऊक. लोकांना नको कळायला?"

डॉक्टर हळूच खाकरले. "माझा डावा हात तसा रिकामाच असतो. म्हणजे, गरज पडली तर..."

"रिकामा?" मावशी कडाडली. "सगळा तळ तुम्हीच ढवळत असता, डॉक्टर! जरा बाहेर काढा तो हात, हवा लागू दे त्याला."

पण मामांनी ठरवून टाकलं. रविवारी नव्या सभागृहात हीच गोष्ट होती. तोवर उत्तर ऐकू येईल अशी सोय झाली तर ठीक. नाहीतर उत्तर डॉक्टरांच्या डाव्या हाताने द्यायचं. "आणि तू," मामा मायेनेच म्हणाले, "खुर्च्या मांड. तेही पुण्याचंच काम आहे."

पुण्याचं काम खरं, पण चष्मेवाल्याला ते नको होतं. त्याला मामांच्या मागेच बसायचं होतं. नावाडी बुडत नाही हे कळायचा जो क्षण, तो आपल्या बोटांतून जातो, एवढीच त्याची श्रीमंती होती.

"अहो, दोष तुमच्या त्या खोक्याचा आहे," घरी बायको म्हणाली. "किती जुना झालाय तो! त्यातून आवाज येतो तो उशीखालून आल्यासारखा. नवा ॲम्प घ्या."

दुसऱ्याच दिवशी दोघं वाद्यांच्या दुकानात गेली. दुकानदार हसतमुख होता. त्याने एक कपाटाएवढा ॲम्प दाखवला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "हा डोळे मिटून घ्या."

"मी कोणतीच गोष्ट डोळे मिटून घेत नाही," चष्मेवाला म्हणाला. "माझं पोट डोळ्यांवर चालतं."

त्याने गिटार जोडली आणि ते चार सूर वाजवले. अहाहा! आवाज कसला, मखमलीचा तागाच उलगडला जणू. दुकानदाराच्या कपातल्या चहावर गोल गोल लाटा उठल्या. चष्मेवाल्याचे डोळे पाणावले. मग, समोर आहे तर बघू या, म्हणून त्याने कोपऱ्यातला एक बारका, खोपटासारखा ॲम्प जोडला. त्यातून आवाज आला तो सर्दी झालेल्या बदकाने नाक शिंकरावं तसा.

"ई!" बायको म्हणाली. "मोठाच घ्या. आवाज नाहीच आला तर आत स्वेटर तरी राहतील."

पण चष्मेवाल्याचा हात पुढे होईना. दुकानदाराने मधल्या आकाराचाही एक काढून दिला. मोठा, मधला, मोठा, बारका, पुन्हा मोठा. "आता बरा की मघाशी बरा होता?" तो दुकानदाराला विचारी. दुकानदार "दोन्ही उत्तम" म्हणे. मग तारा घ्यायला आलेल्या एका बाईंना विचारी. बाई म्हणाल्या, "भाऊ, मला आता माझं नावही आठवत नाही."

तेवढ्यात त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. चष्म्याची चौकट पेटीत देखणी दिसते म्हणून कोणी घेतं का? ती नाकावर चढवूनच बघावी लागते. किती गिऱ्हाइकांनी त्याचं न ऐकता पेटीतली सुंदर चौकट उचलली होती आणि घरी गेल्यावर त्यांची पोरं त्यांना बघून दाराआड लपली होती! ॲम्पचंही तेच. एकटा वाजवून काय कळणार? त्याला बँडच्या तोंडावर चढवून बघायला हवं.

"उद्या बँड घेऊन आलो तर चालेल?" त्याने विचारलं.

"या की!" दुकानदार म्हणाला. आपण काय कबूल करतोय हे त्या भल्या माणसाला ठाऊक नव्हतं.

मामांचा एक नियम होता. प्रवचनाचा तुकडा ते देत नसत. "प्रवचन म्हणजे काय कापड आहे, नमुन्याला चिंधी कापून द्यायला?" असं म्हणत. एकदा नमन केलं की शेवटापर्यंत जायचं. मध्ये कोणी उठायचं नाही. आणि काही कारणाने मोडलंच, तर पुन्हा नमनापासून. पोस्टात असतानाही ते पाकिटावरचा पत्ता मधूनच वाचत नसत म्हणे. आधी नाव, मग बाकीचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे दुकानात येऊन दाखल झाले. मावशीने दुकानातले सगळ्यांत महाग ड्रम निवडले आणि बसायचं स्टूल तीनदा बदलून घेतलं. डॉक्टर दवाखान्याचा पांढरा कोट न काढताच आले होते. मामा एका लाकडी खोक्यावर उभे राहिले. त्यांनी दुकानातल्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "बसा." तारावाल्या बाई आजही आल्या होत्या, काल घ्यायच्या राहिल्या म्हणून. त्या बसल्या. नातवासाठी बासरी घ्यायला आलेले एक गृहस्थ बसले. दुकानदाराचा फोन वाजला, मामांनी नुसती भुवई उचलली, त्याने फोन बंद करून ड्रॉवरमध्ये कोंबला आणि तोही बसला.

"साहेब, दोन मिनिटांत होईल ना?" त्याने चष्मेवाल्याला कानात विचारलं.

"नमन दोन मिनिटांत होईल," चष्मेवाला म्हणाला.

गोष्ट सुरू झाली. नावाडी घरून निघाला, बायकोने भाकरी बांधून दिली, त्याने ती एका भुकेल्याला दिली. तिथे तारावाल्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. नदी आली, काळोख आला, वादळ सुटलं. मावशीने लाटा उसळवल्या, डॉक्टर डाव्या हाताने खोल पाण्यात शिरले. मामांनी हात वर केला. "खालून धरलंय तरी कोणी?"

चष्मेवाल्याने कपाटाएवढ्या ॲम्पमधून चार सूर सोडले.

काचेचं कपाट थरथरलं. भिंतीवरच्या खंजिऱ्या आपोआप वाजू लागल्या. बासरीवाल्या गृहस्थांची कवळी सैल झाली आणि डॉक्टरांचं लक्ष उडालं. सगळ्यांच्या पोटात काहीतरी हललं, पण सूर म्हणावा असा एकही कोणाला ऐकू आला नाही. दुकानदाराने मात्र उत्तर दिलं. तो गोष्टीत इतका बुडाला होता की "भूकंप!" असं ओरडून थेट काउंटरखाली घुसला.

प्रवचन मोडलं.

"नमनापासून," मामा म्हणाले.

"अहो मामा," दुकानदार खालूनच कळवळला, "फक्त तेवढाच तुकडा घ्या ना, नदीतला!"

"मधून सुरू करू? मग नावाडी नावेत चढणार कधी?"

दुकानदार काउंटरखालून बाहेर आला. त्याने कपाटाएवढ्या ॲम्पची वायर काढली आणि त्याच्यापुढे हात पसरून उभा राहिला. "हा आता लावायचा नाही. आणि मधलाही नाही. माझ्या काचा आहेत, लेकरं आहेत."

उरलं ते बदक.

चष्मेवाल्याचा चेहरा उतरला. तरी त्याने गिटार जोडली आणि एक तार छेडली. फँ, असा आवाज आला.

"याला वाफ द्या कोणीतरी," मावशी म्हणाली.

डॉक्टर बिचारे समजुतीच्या सुरात म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. खुर्च्या मांडायलाही नजर लागते, आणि नजर तर तुमचा धंदाच आहे."

पुन्हा नमन. पुन्हा भाकरी. तारावाल्या बाईंनी पुन्हा पदर लावला, पहिल्यापेक्षा जरा आधीच. ओरडा ऐकून रस्त्यावरची माणसंही दारात जमली होती, त्यांनाही मामांनी "बसा" म्हटलं. नदी, काळोख, लाटा, वादळ. "खालून धरलंय तरी कोणी?"

चष्मेवाल्याने डोळे मिटले आणि वाजवलं.

आणि नवल बघा! एकटं असताना नाकात बोलणारं ते बदक लाटांच्या आणि वादळाच्या मधोमध माणसासारखं बोललं. तळाशी मावशीचा मोठा ड्रम पाय पसरून बसला होता, त्याच्या मांडीवर डॉक्टरांचा डावा हात. तिथे मखमलीला शिरायला जागाच नव्हती. मधलं बाक मात्र रिकामं होतं, आणि हा बारका ॲम्प नेमका तिथे जाऊन बसला. एक, दोन, तीन, चार, प्रत्येक सूर दारातल्या शेवटच्या माणसापर्यंत लख्ख पोचला.

"ऐकलंत?" म्हणायला मामांनी तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. मग ज्या माणसाने कधी स्वतःचं प्रवचन स्वतः मोडलं नव्हतं, तो म्हणाला, "थांबा."

सगळे थांबले.

"भाचेबुवा, हे काय वाजवलंस?"

"उत्तर, मामा."

"चौथा सूर कुठला होता?"

चष्मेवाल्याने तो पुन्हा वाजवला. मामांनी आपला सूर गुणगुणला. दोन्ही एकत्र ऐकले आणि तारावाल्या बाईंनीही तोंड वाकडं केलं. चौथा सूर घराच्या दारापर्यंत येत होता आणि शेजारच्याच्या घरात शिरत होता. एकटा वाजवला तर अगदी शहाणा वाटायचा. चारचौघांत बसला की त्याचं वेडेपण कळायचं. पण चारचौघांत तो आजवर ऐकू आलाच कोणाला होता!

"म्हणजे इतकी वर्षं," मावशी म्हणाली आणि तिला हसू आवरेना, "म्हणजे इतकी वर्षं, दादा, तुझा देव बेसूर बोलत होता!" हसता हसता तिच्या हातातली काठी उडून बासरीवाल्या गृहस्थांच्या मांडीवर पडली.

चष्मेवाला हसला नाही. त्याने वायर हळूच काढली आणि गोल गुंडाळायला घेतली. "मलाही कधी ऐकू आला नाही, मामा. ऐकू यायला हवं म्हणालात, तर हे ऐकू आलं. खुर्च्या कुठे ठेवल्यात, सांगा."

डॉक्टरांनी डाव्या हाताची बोटं मोडली. मावशीने त्यांच्याकडे बघितलं. डॉक्टरांनी बोटं पुन्हा जुळवून ठेवली.

मामा खोक्यावरून उतरले. गुडघे धरत धरत भाच्यासमोर खाली बसले आणि त्यांनी त्याच्या हातातली वायर काढून घेतली. "वेड्या, खुर्च्या मांडायला मी कोणालाही बोलावीन. लोक ऐकोत न ऐकोत, वर्षानुवर्षं न चुकता वाजवणारा मला कुठे मिळणार?"

"चुकतच होतो की."

"चूक एका बोटाची. सरकव मागे. एक घर. हं, तिथे. वाजव."

चष्मेवाल्याने गिटारच्या दांडीवर बोट एक पट्टी मागे सरकवलं. बदक फँ करून बोललं आणि चौथा सूर उंबरा ओलांडून बरोबर आपल्या घरात शिरला. मामांनी मान डोलावली, उठले आणि पुन्हा खोक्यावर चढले.

"नमनापासून," ते म्हणाले.

आता दुकानदार उठला, दाराकडे गेला आणि त्याने आतून शटर अर्धं ओढलं. "आता मध्ये कोणी यायला नको," तो म्हणाला. "पण हात जोडतो, मामा, या खेपेला त्याला पलीकडे पोचवाच. मी दोनदा त्याला पाण्यात सोडून आलोय."

तिसऱ्यांदा भाकरी बांधली गेली. तिसऱ्यांदा ती भुकेल्याच्या पोटात गेली. लाटा उसळल्या, वादळ सुटलं, मामांचा हात वर गेला, आणि खालून उत्तर आलं. चारही सूर. कोणी हसलं नाही, कोणी काउंटरखाली गेलं नाही. दारातून आत आलेला एक हमाल पाठीवरचं ओझं तसंच ठेवून उभा होता, तो नकळत म्हणाला, "आहे, आहे." डॉक्टरांचे तर दोन्ही हात हवेत राहिले. ते कीबोर्ड विसरून, तोंड उघडं टाकून ऐकत बसले.

"वाजवा हो, डॉक्टर!" मावशी ठेका न सोडता ओरडली. "वादळच थांबलं तर तो धरणार कशासाठी?"