दोनशे बारा पैकी दोनशे बारा

भोंगा वाजला की पाचवा मजला वऱ्हाडासारखा निघायचा. पर्स, मोबाईल, कुणाकुणाचे तर डबेसुद्धा! नगरमधल्या त्या सहा मजली ऑफिसात दर तीन महिन्यांनी आगीची कवायत. दोनशे बारा माणसं चार मिनिटांत खाली कडुनिंबाखाली जमायची, सह्या करायची, गणती व्हायची. रविकांत तेवढा आपल्या खुर्चीत बसून राहायचा.

लहानपणीच्या पोलिओनं त्याचे दोन्ही पाय गेलेले. भिंगारहून तीनचाकी स्कूटरवर यायचा, सपाटीला कुबड्यांवर कुणाला ऐकायचा नाही. पण जिना म्हटला की संपलं, आणि कवायतीत लिफ्ट बंद. पहिल्या खेपेला वॉचमन गोरक्षनं आणि आणखी एकानं त्याला खुर्चीसकट उचलून खाली नेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, ग्रुपवर टाकले. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो त्याला! मग त्यानंच शेजारच्या टेबलावरच्या लीनाला हात जोडले, "मॅडम, पुढच्या वेळी माझी सही तुम्हीच ठोका." लीना भली बाई. सहा वर्षं न चुकता ठोकत आली.

आजही जाता जाता ती म्हणाली, "बसा निवांत, आलेच मी."

दोन मिनिटांत जिन्याकडून धूर आला. थोडाथोडका नव्हे, डोळे चुरचुरवणारा, घशात बसणारा. कवायत खरी वाटावी म्हणून यंदा तिसऱ्या मजल्यावर धुराचे डबे पेटवणार होते. सकाळी सगळ्यांना तसं सांगितलंही होतं. सगळ्यांना म्हणजे खाली जाणाऱ्यांना. वर बसणाऱ्याला कोण कशाला सांगतंय?

रविकांतनं लीनाला फोन लावला. त्या भोंग्यात तिला काय ऐकू येणार, डोंबल! दुसऱ्यांदा लावला तर तिनं कट केला. खिडक्यांच्या काचा उघडणाऱ्या नव्हत्या. तो कसाबसा जिन्यापाशी गेला, पायरीवर बसला आणि ढुंगणानं एकेक पायरी घसरत उतरू लागला. एक कुबडी हातातून सुटून खडखडत खाली गेली. वळणापर्यंत पोचेस्तोवर त्याची छाती भरून आली. तिथल्या सिमेंटच्या जाळीला त्यानं तोंड लावलं.

खाली कडुनिंब दिसत होता, माणसं दिसत होती, लीनाची पिवळी ओढणीसुद्धा दिसत होती. भोंगा थांबला आणि साहेबांचा आवाज कर्ण्यातून आला, "दोनशे बारा पैकी दोनशे बारा! इमारतीत एकही माणूस शिल्लक नाही."

"मी आहे!" रविकांत ओरडला. "अहो, मी आहे इथं!"

खाली टाळ्यांचा कडकडाट झाला.

तो आणखी दोनदा ओरडला. मग खोकला लागला, आणि खोकता खोकता त्याची पँट ओली झाली. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, ऑफिसच्या जिन्यात. त्यानंतर त्यानं ओरडणं सोडलं.

गोरक्ष वर आला तो डबे गोळा करायला. कुबडी पायात आली तेव्हा त्यानं मान वर केली. "आरं देवा! सायेब, तुमी हितं? काय न्हाई हो, नुसता धूर हाय." पँटकडे न बघता त्यानं गळ्यातला गमछा काढून रविकांतच्या मांडीवर टाकला.

पाठोपाठ लीना आली. "अगं बाई! पण तुमची सही तर मी केली होती!" ती खरंच गोंधळली होती. खोटं कशाला बोला, तिच्या मनात काडीचं पाप नव्हतं.

"खरी लागली असती तर?" रविकांतनं विचारलं.

"असं अभद्र बोलू नये," लीना म्हणाली आणि कुबडी आणायला वळली.

कवायतीचा अहवाल टाइप करायचं काम पहिल्यापासून रविकांतचंच. दुपारी तो गमछा कमरेला गुंडाळूनच टेबलाशी बसला. बाहेर पडलेले कर्मचारी : २११. कागद साहेबांकडे गेला तसा पाच मिनिटांत परत आला. आकड्याभोवती लाल गोल. साहेब स्वतः दारापर्यंत आले, आवाजही मऊच होता. "रविकांत, सह्या दोनशे बारा आहेत ना? मग एक माणूस कुठं गेला? उगाच नापास होऊ आपण."

रविकांतनं तोंड उघडलं. समोर सह्यांचा कागद होता. त्याच्या नावापुढची सही इतकी हुबेहूब होती की ती आपली नाही, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

त्यानं शेवटचा एक खोडून दोन केला. खाली 'तपासले' लिहिलं आणि सही केली.